शंभरांना पुरेल असं

आफ्रिकेतल्या मलावी देशाची १९७५ पर्यंतची राजधानी म्हणजे झोंबा. टुमदार शहर, पाठीशी भलंमोठं हिरवं पठार. सकाळी वाटेत भेटेल तो विचारतो, "मुली ब्वान्जी?" मराठी कानाला वाटावं, आपल्या मुलींचीच चौकशी चाललीय! अर्थ इतकाच, की कसं काय, बरं आहे ना?

या देशाने १९९४ साली प्राथमिक शिक्षण मोफत केलं. वर्षभरात शाळेतली मुलं सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेली. पण शिक्षक आणि वर्गखोल्या काही रातोरात उगवत नाहीत. झाडाखाली वर्ग भरू लागले. आजही माझ्या वर्गात शंभर मुलं आहेत.

गेल्या सुट्टीनंतर परत शिकवायला निघाले, तर दादरच्या घरी भेटवस्तूंचा हा ढीग! आणि विमानात न्यायच्या २३ किलोंच्या दोनच बॅगा. शेजारच्या काकूंनी पन्नास पेन्सिली आणलेल्या.

"काकू, पन्नासांना दिल्या, की उरलेले पन्नास रडणार."

"मग गं, काय देऊ?"

"सगळ्यांना मिळून वापरता येईल असं काही. वह्या-पेन्सिली तिथल्या बाजारातही मिळतात."

काकू जरा हिरमुसल्या. पण दुसऱ्या दिवशी जगाचा मोठा कापडी नकाशा घेऊन हजर! गोष्टींची पुस्तकं, दोन भिंगं आणि तो नकाशा, एवढ्यातच एक बॅग भरली.

आता भूगोलाच्या तासाला नकाशापुढे रांग लागते. मुंबईवर बोट ठेवायचं आणि निळ्या समुद्रावरून सरकवत मलावीपर्यंत आणायचं. रांगेतल्या शंभराव्या पोरालाही तो समुद्र पुरतो.