मॅटेडोरची गळती

निवृत्तिनाथांच्या पालखीमागं आमच्या दिंडीची जुनी मॅटेडोर असते. त्र्यंबकेश्वर ते पंढरपूर तेच घर. अंथरुणं, स्टोव्ह, पीठ अन् ऐंशीची आई तिच्यातच. यंदा निघायला चार दिवस, अन् खाली ऑइलचं थारोळं. मिस्तरी म्हणाला, इंजिन उतरवू. एवढा पैसा कांद्यानं ठेवलाच नव्हता.

डिझेलनं इंजिन धुतलं, पुसलं, चालू करून वरून खाली बघत गेलो. ऑइल वाहतं खाली, वारा नेतो मागं. डागापाशी गळती असेलच असं नाही. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक झालेलं, ब्रीदर काजळीनं बुजलेला. आत दाब कोंडला की ऑइल सीलमधून वाट काढतंच. ब्रीदर साफ केला, पॅकिंग नवं टाकलं. बोल्ट मात्र बेतानं. जास्त आवळलं तर नवं पॅकिंगही चिरडतं.

रात्री खाली पुठ्ठा ठेवला. सकाळी दोनच थेंब. आई म्हणाली, "ठेव माझी वळकटी आत."