गोणपाटाच्या पडद्याआडून

उल्हासनगरच्या आमच्या कॅम्प पाचमध्ये संध्याकाळ आधी कानांना कळते. दिवसभर गल्लीगल्लीतून जीन्स शिवणाऱ्या मशिनींची एक सलग घरघर चालू असते, तंबोऱ्यासारखी, इतकी अंगवळणी पडलेली की ती आहे हेसुद्धा विसरायला होतं. सातच्या सुमारास त्या एकेक करून थांबत जातात, आणि ओहोटीला खडक उघडे पडावेत तशी त्या घरघरीखालून गाणी वर येतात. कारखान्याच्या ओट्यावर बसलेल्या कारागिराच्या मोबाइलमधली भोजपुरी विरहिणी, स्वामी शांतिप्रकाश आश्रमाच्या बाजूचं सिंधी कीर्तन, विठ्ठलाला आणि बाबासाहेबांना एकाच खड्या, मातीतल्या आवाजात हाक घालणारे प्रल्हाद शिंदे, आणि या सगळ्यांना मधूनच छेदून जाणारा अंबरनाथच्या दिशेने येणाऱ्या लोकलचा भोंगा.

मी खिडकीशी थांबते. आज कोण काय ऐकतंय, ते ऐकते.

ही सवय मला दादीने लावली. दादी आमच्या शेजारची. ती सिंधहून आली तेव्हा नऊ वर्षांची होती. मी कॉलेजात असताना रोज भारनियमन असायचं. दिवे गेले की आख्खी इमारत गच्चीवर चढायची. अशाच एका रात्री मी कठड्याला टेकून, वॉकमन कानाला लावून, जगाकडे पाठ करून बसले होते. अंधारात शेजारी कुणीतरी हळूच येऊन टेकलं. चंदनी साबणाचा आणि तळलेल्या पापडाचा वास आला.

"छा पेई बुधीं, धीअ?"

काय ऐकतेस, पोरी? एवढाच प्रश्न. पण त्या ‘बुधीं’मधला ‘ब’ आपल्या ‘ब’सारखा ओठांवरून बाहेर फुटत नाही, तो श्वासासकट आत ओढून घेतात, घोट घ्यावा तसा. ऐकणं म्हणजे आत घेणं, हे त्या भाषेच्या ओठांनाच ठाऊक आहे.

मी किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकत होते. उत्तर देण्याऐवजी एक इअरफोन तिच्या कानात दिला. वायर आखूड, तिचं डोकं माझ्या डोक्याला टेकलं. खाली अंधारात वालधुनी वाहत होती, जीन्सच्या रंगाने दिवसा निळी दिसणारी आमची बिचारी नदी, वर तारे, आणि मध्ये आम्ही दोघी, एका सुराच्या दोन टोकांना. मराठी तिला बाजारापुरती येई, रागाचं नाव तिने कधी ऐकलेलं नव्हतं. पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "ही कुणाला तरी शोधतेय. पण तिला घाई नाही."

त्यानंतर भूपाबद्दल मी बरंच वाचलं. एवढं खरं कुठेच सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कॅसेट आणून दिली. मास्टर चंदर. फाळणीत सिंध सोडून मुंबईला आलेला आणि आपल्या लोकांचं ऊर फुटणं गळ्यात घेऊन गात राहिलेला हा गायक १९८४ मध्ये गेला. कॅसेट विकतची नव्हती. आकाशवाणीवर सिंधी कार्यक्रम लागला की दादी टेपरेकॉर्डर ट्रान्झिस्टरच्या तोंडाशी ठेवून बटण दाबायची. त्यामुळे गाण्याबरोबर तिचं घरही टेप झालंय. कुकरची शिट्टी, भांड्याचा खणखणाट, दूरची गाडी. एका जागी तर कुणा बोलणाऱ्या मुलाला ती दटावते, "चुप! बुध!" आणि मूल गप्प होतं, आणि चंदर पुन्हा वर चढतो.

ते मूल मुलगा की मुलगी, मी अनेकदा कान देऊन पाहिलं. कळत नाही.

दादी सांगायची ते बॅरेकचं. महायुद्धासाठी कल्याणजवळ बांधलेल्या लष्करी छावणीच्या त्या लांबच लांब बॅरेकी. युद्ध संपलं, शिपाई गेले, आणि निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली, छावणीचं उल्हासनगर झालं. दादीला मात्र आठवायचा गोणपाटाचा पडदा. एका बॅरेकीत कितीतरी कुटुंबं, आणि दोन संसारांत फक्त एक गोणपाट. त्यातून नजर जायची नाही, सूर जायचा. तिचे वडील रात्री गुणगुणायचे. त्यांनी भगत कंवररामांना समोर बसून ऐकलं होतं, पायांत घुंगरू बांधून नाचत-गात पहाट करणाऱ्या त्या भगताला, ज्याला १९३९ च्या नोव्हेंबरात रुक स्टेशनावर गोळ्या घालून मारलं. वडील मध्येच थांबले, की गोणपाटाच्या पलीकडून कुणीतरी पुढची ओळ उचलायचं. तोंडही न पाहिलेला माणूस.

त्या ओळीवर लोक रात्र काढायचे.

पुढे नातवाने तिला मोबाइल दिला आणि आबिदा परवीन घरी आली. ती गाते त्या सिंधी सूफी कवी शाह अब्दुल लतीफच्या ‘रिसालो’मध्ये अध्यायांना ‘सुर’ म्हणतात. त्यातला सुर सारंग पावसाचा. भेगाळलेल्या जमिनीची, ढगांकडे लागलेल्या डोळ्यांची ती कविता आमच्याकडे ऐन जुलैत लागायची, पत्र्यांवर धो-धो कोसळत असताना, गटारं तुंबलेली असताना. मी हसले, तर दादी गंभीरपणे म्हणाली, "तिकडे गाऊन पाऊस मागायचे. इकडे पाऊसच येऊन गाणं मागतो."

कॅसेटांच्या पुठ्ठ्यांवर तिचं अक्षर आहे, उजवीकडून डावीकडे धावणारं, बावन्न अक्षरांच्या सिंधी लिपीतलं. एका दुपारी तिने मला ‘बुधणु’ लिहून दाखवलं: ऐकणं. मग तोच शब्द पुन्हा लिहिला आणि म्हणाली, हा ‘बधणु’. म्हणजे बांधणं. मी दोन्हींकडे पाहत राहिले. वरखाली काहीच फरक नाही. स्वरांच्या बारीक खुणा घातल्या तरच वेगळे. आणि रोजच्या लिहिण्यात खुणा कोण घालतं?

वायरीने जोडलेली आमची दोन डोकी मला त्या क्षणी पुन्हा दिसली.

आता वायरी गेल्या. बदलापूर लोकलच्या बायकांच्या डब्यात शंभर कानांत शंभर गाणी बंद असतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं सगळ्या मुक्या आहेत. मला तसं वाटत नाही. मागच्या महिन्यात चौथ्या सीटवर टेकलेल्या एका मुलीची बोटं पर्सवर ठेका धरत होती, आणि माझ्या नकळत माझा पाय तो ठेका पकडत गेला. तिने पाहिलं. कल्याण सुटलं होतं. तिने कानातला एक मणी काढला, ओढणीला पुसला आणि माझ्यापुढे धरला. नव्या चालीतलं भीमगीत होतं, ढोलकीखाली कसलासा घुमणारा विजेचा ठोका. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथला मी उतरेपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. तिचं नाव मला माहीत नाही.

दादी जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या दारावर दुसऱ्यांच्या नावाची पाटी आहे. अकरा कॅसेटी माझ्याकडे आहेत, आणि त्या वाजवणारा टेपरेकॉर्डरही अजून चालतो. कुणाला ऐकायच्या असतील तर या. मशिनी थांबल्यावर मी घरीच असते.