चाव्या किती आणि कोणाकडे?

बँकेतील ३५ वर्षांच्या नोकरीत मला सर्वाधिक धाक कोणाचा वाटला असेल, तर तो चाव्यांचा. शाखेची तिजोरी एका चावीने कधी उघडत नसे. एक चावी शाखाधिकाऱ्याकडे, दुसरी रोखपालाकडे, आणि एकाने आपली चावी दुसऱ्याच्या हाती सोपवणे हा गंभीर प्रमाद. कोणी रजेवर निघाला की चावी-नोंदवहीत दिनांक, वेळ आणि देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्या होत. डुप्लिकेट चाव्यांचे मोहोरबंद पाकीट दुसऱ्या शाखेत ठेवलेले असे. तपासणी अधिकारी आला की त्याच्या पहिल्या प्रश्नांपैकी एक ठरलेला असे : "चाव्या किती आणि कोणाकडे?"

निवृत्तीनंतर आप्तांच्या पेढ्यांवर बसण्याउठण्याचा योग वाढला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. खतावणीतील पाच रुपयांचा फरक शोधण्यासाठी रात्र जागवणारी आपली मंडळी दहा-पंधरा लाखांच्या मोटारीच्या चावीविषयी मात्र विलक्षण उदार असतात. गाडी कुटुंबाची, तशी चावीही सर्वांची. सकाळी ती धाकट्या भावाच्या खिशात, दुपारी दिवाणजींच्या गल्ल्याजवळ, सायंकाळी ड्रायव्हरकडे. दुसरी चावी कोठे आहे असे विचारले तर उत्तर येते, "घरातच असेल कोठेतरी."

एके काळी हे चालून जात असे. पद्मिनी किंवा ॲम्बॅसिडरची चावी म्हणजे खाचा पाडलेली धातूची पट्टी. बाजारात कानशी घेऊन बसणारा चावीवाला पंधरा मिनिटांत तशीच दुसरी घडवून देई, आणि झिजलेल्या कुलुपाला तर शेजाऱ्याच्या गाडीची चावीही कधीकधी चालून जाई! आजच्या चावीत पट्टी हा दुय्यम भाग आहे. तिच्या प्लॅस्टिकच्या मुठीत एक अगदी लहान चिप असते. या चिपला स्वतःची बॅटरी नसते. चावी फिरवताच कुलुपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला क्षणभर ऊर्जा मिळते, आणि ती आपली ओळख गाडीतील संगणकाला सांगते. ओळख पटली तर इंजिन सुरू होते. न पटल्यास पट्टी कितीही हुबेहूब असली तरी ते सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन लगेच बंद पडते. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. दरवाजे उघडणारे रिमोट हे याच मुठीत बसवलेले, पण वेगळे यंत्र आहे. त्याला नाण्याच्या आकाराचा सेल लागतो. त्यामुळे रिमोट बंद पडले म्हणजे चावी गेली असे समजून कोणी हजारो रुपये मोजू नयेत. आधी सेल बदलून पाहावा.

म्हणजे नवी चावी करणे हे आता दोन टप्प्यांचे काम झाले. पट्टी कापायची, आणि तिच्यातील चिपची नोंद गाडीच्या स्मृतीत करायची. या दुसऱ्या कामाला प्रोग्रामिंग म्हणतात. स्टिअरिंगखालच्या एका जोडणीला यंत्र लावून, अनेक गाड्यांत गुप्त संकेतांक देऊन, ते करावे लागते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे नमुना-सहीचे कार्ड आहे. खात्यावर सही कोणाची चालेल हे त्या कार्डावरून ठरते, आणि नवे नाव लिहिता येते तसे जुने खोडताही येते. हे खोडणे फार महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच कोणी मागत नाही.

माझ्या मामेभावाची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. त्याच्याकडे ११ वर्षे असलेला ड्रायव्हर गेल्या दिवाळीनंतर दुसरीकडे लागला. पगार जास्त, घरही जवळ. जाताना सर्वांच्या पाया पडून, मिठाईचा पुडा घेऊन गेला. पंधरा दिवसांनी गाडीच्या चावीचे बटण चालेना, म्हणून कपाटातील दुसरी चावी शोधली तर ती जागेवर नाही. १४ माणसांचे घर. उघडपणे कोणी काही बोलले नाही, पण जेवणाच्या पंगतीत पुतण्या म्हणालाच, "काका, ड्रायव्हरमामांना फोन करून बघू या का?" त्या वाक्यानंतर जी शांतता पसरली, तीत सारे काही आले.

मामेभावाने मला विचारले, "दादा, काय करू?" मी फोन करू नकोस म्हणालो. ११ वर्षे ज्याच्या भरवशावर लेकीसुना रात्रीअपरात्री प्रवासाला पाठवल्या, त्याला "चावी तुझ्याकडे राहिली का?" असे विचारणे आणि चोर म्हणणे यांत ऐकणाऱ्याला फरक वाटत नाही. बँकेत लॉकरची चावी ग्राहकाने हरवली तर ती कोणाला सापडली असेल, याची आम्ही चौकशी करीत बसत नसू. ग्राहकासमक्ष लॉकर फोडला जाई, कुलूप बदलले जाई आणि खर्च ग्राहकाकडून घेतला जाई. चावी कोणाकडेही असो, तिने उघडेल असे कुलूपच उरत नसे. संशयाचा प्रश्न तेथेच मिटे.

आम्ही कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तंत्रज्ञाने यंत्र जोडले. पडद्यावर दोन चाव्यांची नोंद दिसली. आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती घेऊन त्याने नवी चावी मागवली. ती यायला आठ दिवस लागले, आणि रिमोटसह खर्च ₹ ९,४०० आला. चावी बसवून घेताना मी त्याला आणखी एक विनंती केली : नवी चावी नुसती वाढवू नका, जुन्या सर्व नोंदी पुसा आणि आमच्या हातात आहेत त्या दोनच पुन्हा लिहा. तो जरा चकित झाला. असे मागणारे ग्राहक क्वचितच येतात, म्हणाला. काम दहा मिनिटांचे होते. त्यानंतर ती हरवलेली चावी जगाच्या पाठीवर कोठेही असली तरी तिने ते इंजिन सुरू होणार नाही.

येथे एक बारकावा आहे, आणि व्यापाऱ्याने तो विसरू नये. स्मृतीतून चिप पुसली तरी पट्टी पट्टीच राहते. दरवाजाचे कुलूप ती पूर्वीप्रमाणेच उघडते. गाडी नेता येणार नाही, पण गाडीतील हळदीचे नमुने, बिलबुके किंवा वसुलीची पिशवी नेता येईल. त्यावर उपाय म्हणजे कुलुपांचा पूर्ण संच बदलणे. तो महाग वाटला, म्हणून मामेभावाने रात्री गाडीत कागदाचा कपटाही ठेवायचा नाही असा नियम केला. मला तो पुरेसा वाटला.

मार्गशीर्षात ड्रायव्हर पेढीवर आला. नव्या मालकाला अनुभवाचे पत्र हवे होते. मामेभावाने पेढीच्या कागदावर स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून दिल्या, चहा पाजला, त्याच्या मुलाच्या बारावीची चौकशी केली. चावीचा विषय निघाला नाही. ती अद्याप सापडलेली नाही. वहिनींच्या मते ती थोरलीच्या लग्नातील शालूंच्या ट्रंकेत आहे, आणि ती ट्रंक उघडायची कोणाचीच तयारी नाही.

रस्त्यावरचे चावीवाले हेच काम पुष्कळ स्वस्तात करतात, आणि त्यांच्यातील कित्येकांचा हात वर्कशॉपपेक्षा सफाईदार असतो. माझा त्यांच्यावर आक्षेप नाही. मात्र ते काम दोन प्रकारे होते, हे माहीत असावे. एका प्रकारात नवी चिप गाडीच्या स्मृतीत लिहिली जाते. दुसऱ्यात जुन्या चिपची ओळखच नव्या चिपवर उतरवतात. गाडीला मग दोन्ही चाव्या एकच वाटतात, आणि पडद्यावरचा आकडा वाढत नाही. जुनी गाडी विकत घेताना म्हणूनच विक्रेत्याने दोन चाव्या हाती ठेवल्या, यंत्रानेही दोनच सांगितल्या, एवढ्यावर विसंबू नये. नोंदी एकदा पुसून नव्याने लिहून घ्याव्यात, आणि अशी उतरवलेली जोडी असेल तर वेगळ्या चिपची चावी घ्यावी. एकच चावी मिळत असेल तर दुसरीचा खर्च किमतीतून वजा करावा. त्यात संकोच कसला?

आणि दुसरी चावी करायचीच असेल तर पहिली हातात असताना करावी. एकही चावी उरली नाही की काम दुप्पट अवघड होते. गाडी वर्कशॉपपर्यंत ओढून न्यावी लागते, आणि काही गाड्यांत संगणकाचा भागही बदलावा लागतो. प्रोग्रामिंगला जाताना घरातील सर्व चाव्या बरोबर न्याव्यात, कारण बऱ्याच गाड्यांत त्या दिवशी समोर नसलेली चावी स्मृतीतून आपोआप गळते. नव्या गाडीबरोबर चावीचा क्रमांक असलेला लहानसा बिल्ला मिळतो. तो चावीच्याच कडीत अडकवून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. पासबुकाच्या पहिल्या पानावर पिन लिहून ठेवणाऱ्यांचे ते सख्खे भाऊ.

विम्याचेही सांगतो. गाडी चोरीला गेल्यावर दावा दाखल करताना विमा कंपनी पोलिसांतील फिर्याद आणि आरसी यांच्याबरोबर गाडीच्या सर्व मूळ चाव्या मागते. एक कमी पडली की प्रश्न सुरू होतात, आणि दावा लांबतो. म्हणून चावी हरवल्याबरोबर पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून तिची प्रत विम्याच्या कागदांत ठेवावी, नवी चावी केल्याची पावतीही तेथेच लावावी. चावी हरवण्याचे संरक्षण जादा हप्त्यावर विम्यात घेता येते. त्याच्या अटी मात्र आधी वाचाव्यात.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांची किल्ली खिशातच राहते, गाडी तिच्याशी रेडिओलहरींनी अगदी जवळून बोलते. चोरांनी ते बोलणे दोन यंत्रांच्या साह्याने दूरवर वाहून नेण्याची युक्ती काढली आहे. रात्री ती किल्ली दाराजवळच्या खुंटीवर टांगण्याऐवजी आतल्या खोलीत, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. तिचा सेल संपला तर आत दडवलेल्या लहान पट्टीने दार उघडते, आणि किल्ली बटणाला किंवा कंपनीने नेमलेल्या जागेला टेकवली की बहुतेक गाड्या सुरू होतात. ती जागा कोणती, हे पुस्तिकेत पाहून घरातील स्त्रियांना व मुलांनाही आधीच दाखवून ठेवावे.

मामेभावाच्या पेढीवर आता रोजमेळाशेजारी एक लहान वही असते. चावी कोणी नेली, केव्हा परत केली, एवढेच तीत लिहितात. पहिल्या महिन्यात त्यावर हसणारा पुतण्या हल्ली स्वतःच तारीख टाकतो.