तुळशीवरची गळती

वैशाख लागला की आमच्या घरी तुळशीवर गळती बसते. वृंदावनाच्या कट्ट्यावर लाकडी तिवई, तिवईवर मातीचे लहान मडके, मडक्याच्या बुडाला बारीक भोक आणि त्या भोकात जुन्या लुगड्याच्या चिंधीची वात. वातीच्या टोकाला पाणी जमते, फुगते आणि टपकन तुळशीच्या मुळाशी पडते. एक थेंब पडला की दुसरा तयार. महादेवाच्या देवळात पिंडीवर असते तशीच ही गळती. वैशाखाच्या वणव्यात देवालाही ऊन लागते, ही त्यामागची भाबडी समजूत.

माझी आई या घरात लग्न होऊन आली तेव्हापासून ही गळती लावत असे. मी शेतकीचा पदवीधर. नोकरीची पंचवीस-तीस वर्षे गावोगाव पाण्याच्या बचतीवर बोलत हिंडलो. पण घरच्या अंगणातल्या त्या मडक्याकडे कधी नीट पाहिले नव्हते. ते मला कसे पाहावे लागले, ती हकीकत सांगतो.

आमचे गाव माण तालुक्यात, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला. याच जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. आमच्याकडे पाचशेसुद्धा धड होत नाही. आमचा देव शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव. चैत्राच्या यात्रेला लांबलांबच्या गावांहून कावडी येतात. नदीचे पाणी खांद्यावर घेऊन माणसे मुंगी घाटाची उभी चढण चढतात आणि ते देवाला घालतात. पाण्याची किंमत कळलेल्या मुलखाची भक्तीही पाण्याचीच असणार.

२०१८ च्या पावसाने दगा दिला. ३१ ऑक्टोबरला सरकारने राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात माण होताच. पुढच्या मार्चमध्ये आमच्या विहिरीने तळ दाखवला. दोन्ही गाई छावणीत गेल्या आणि त्यांच्याबरोबर माझा धाकटा भाऊ तिकडे मुक्कामाला राहिला. गावात टँकर एक दिवसाआड यायचा. आमच्या वाट्याला दोनशे लिटरचे एक टिपाड. घरात आई, मी, आमच्या सौभाग्यवती आणि सुट्टीला माहेरी आलेली लेक तिच्या पाच वर्षांच्या मुलीसह; अशी पाच माणसे. म्हणजे माणशी दिवसाला वीस लिटर. पिणे, स्वयंपाक, भांडी, धुणे, अंघोळ सगळे त्यातच.

नातीचे शाळेतले नाव काही असो, घरात ती चिमणी. आल्या दिवसापासून ती पणजीची शेपूट झाली. आई उठली की ही उठणार, आई गोवऱ्या आणायला गेली की ही मागे. आणि तोंडाने प्रश्नांची सरबत्ती.

"पणजी, देवाला तहान लागली हे तुला कोणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? मला लागतीया, मंग त्येलाबी लागत आसंल."

७ मे रोजी अक्षय तृतीया आली. आई तिला आकिती म्हणे. तिने मातीचा नवा करा पाण्याने भरून पूजला, घरातल्या गेलेल्या माणसांची एकेक करून आठवण काढली. मग रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली वाटसरूंसाठी माठ ठेवला. दुपार कलल्यावर परसात आळी करून दोडका, कारले आणि भोपळ्याचे बी टोचले. चिमणी म्हणाली, "पणजी, पाऊस तर नाही. मग बी कशाला लावतेस?"

"पाऊस आल्यावर बी हुडकत बसायचं व्हय?" आई म्हणाली.

त्याच दिवशी गळती बसली. मडक्यात पाणी घालताना आईने चिमणीला सांगितलेले मी ओसरीवरून ऐकले. "देवाला द्यायचं ते आपल्या वाटणीचं द्यायचं. दुसऱ्याच्या घागरीतलं न्हाई." आणि तसेच ती करीत होती. अंघोळीच्या वाट्यातले दोन-तीन तांबे ती आधीच बाजूला काढून ठेवी आणि उरलेल्यात अंग धुई. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते.

आठवडाभराने एका संध्याकाळी मी कामावरून परतत होतो. टँकरपाशी नळीवरून दोन बायांची जुंपली होती. दोघीही माझ्या ओळखीच्या, एरवी एकमेकींच्या घरी ऊठबस असलेल्या. ते भांडण डोक्यात घेऊन मी घरी आलो. टिपाडाचा तळ दिसत होता आणि अंगणात थेंब पडत होते. टप. टप. माझ्या अंगातला अधिकारी जागा झाला.

"आई, माणसांना प्यायला पाणी नाही आणि तू ते मातीत घालतेस. शिकलेल्या माणसाच्या घरात हे शोभत नाही."

आई काही बोलली नाही. सकाळी पाहिले तर मडके तिवईवर पालथे घातलेले. मला वाटले, पटले तिला.

चिमणीने मात्र पणजीला विचारले, "आज देवाला पाणी नाही?" आई म्हणाली, "माझ्या वाटणीचं सपलं, बाळा." एवढेच.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते आम्हा मोठ्यांपैकी कोणाच्या ध्यानात आले नाही. चिमणीची शाळेची पाण्याची बाटली भरून दिली की थोड्या वेळाने रिकामी दिसे. जेवताना दिलेला पेलाही रिकामा. "प्यायलीस का ग?" विचारले की मान हलवी. दुपारभर कडुलिंबाखाली खेळे. तिसऱ्या दिवशी मी घरी आलो तेव्हा ती ओसरीवर मुटकुळे करून पडली होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, अंग गरम. लेक घाबरून म्हणाली, "आप्पा, ही सकाळपासून लघवीलाच गेली नाही."

मोटारसायकलवर लेकीला मागे आणि चिमणीला मध्ये बसवून मी शेजारच्या गावचे आरोग्य उपकेंद्र गाठले. तिथल्या परिचारिकाबाईंनी तपासले, ताप पाहिला, लगेच क्षारसंजीवनीचे पाकीट पाण्यात मिसळले आणि चमच्या-चमच्याने पाजायला लावले. "एकदम पाजू नका, उलटी होईल. दर दोन मिनिटांनी थोडे थोडे," त्या म्हणाल्या. अंग ओल्या फडक्याने पुसत राहायला सांगितले. दीड-दोन तासांनी चिमणीला लघवी झाली, डोळ्यांत जरा तेज आले आणि ती म्हणाली, "भूक लागली." त्या दोन तासांत मी शंभू महादेवाला किती वेळा हाक मारली ते माझे मला ठाऊक. बी.एस्सी.ची पदवी त्या वेळी कुठे होती कोण जाणे.

घरी आल्यावर लेकीने तिला जवळ घेऊन विचारले तेव्हा उलगडा झाला. "मी माझ्या वाटणीचं तुळशीला दिलं. पणजीचं संपलं होतं ना."

कोणी काही बोलेना. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "चुकी माजी हाय. द्यायला शिकिवलं, राखायला शिकिवलं न्हाई." मग तिने चिमणीचा हात हातात घेतला. "ह्ये बघ बाळा, देव आदी लेकराच्या पोटात पितो, मंग तुळशीत. लेकरानं द्यायचं नसतं. लेकरानं प्यायचं."

चूक आईची नव्हती, माझी होती. तसे मी रात्री तिला म्हणालो. अंगणात बाजेवर ती बसली होती. तेव्हा तिने मला बहात्तरची गोष्ट सांगितली. १९७२ च्या दुष्काळात मी चार वर्षांचा होतो. मला पाटीत निजवून ती खडी फोडायच्या कामावर जात होती. कामावर पिण्याच्या पाण्याचा तांब्या मिळे, त्यातले ती घोटभर राखून घरी आणी आणि गळतीत घाली.

"कशासाठी आई? स्वतः तहानलेली राहून?" मी विचारले.

"आरं, समदं आटलं हुतं. हीर आटली, वढा आटला, म्हशीचं दूध आटलं. सांजच्याला दारात बसलं की त्यो थेंब पडताना दिसायचा. वाटायचं, अजून समदं आटलं न्हाई. मंग दुसऱ्या दिशी उठून कामावर जायाचं बळ यायचं."

मी पंचवीस वर्षे ज्याला पाण्याचा अपव्यय म्हणत आलो होतो, त्यावर माझ्या आईने एक दुष्काळ काढला होता आणि मला वाढवले होते.

दुसरा दिवस रविवार होता. चिमणी हिंडूफिरू लागली होती. मी गळती पुन्हा तिवईवर बसवली आणि औषधाच्या बाटलीचे पाच मिलिलिटरचे मापी टोपण वातीखाली धरले. चिमणीला म्हटले, "मोज." तिला वीसपर्यंतच आकडे येत, म्हणून वीस झाले की आईने एक खडा बाजूला ठेवायचा असे ठरले. पाच खडे झाले आणि टोपण भरले. म्हणजे वीस थेंबांचा एक मिलिलिटर. मग घड्याळ लावले. मिनिटाला तीस थेंब पडत होते. हिशेब सोपा होता. मिनिटाला दीड मिलिलिटर, तासाला नव्वद मिलिलिटर, दिवसरात्रीचे मिळून दोन लिटरच्या थोडे वर.

शेतकरी बंधूंनो, ठिबक संचातला ताशी चार लिटरचा एक ड्रीपर जेवढे पाणी अर्ध्या तासात सोडतो, तेवढे माझ्या आईची गळती आख्ख्या दिवसात सोडत होती. मुळाशी, थेंबाथेंबाने, वाहून न जाता. हेच तर मी सभांमधून सांगत होतो.

आता दुसरा हिशेब. लेक-नात येणार म्हणून मी एप्रिलमध्ये एक कूलर आणला होता. त्यात रोज पंधरा लिटरची एक बादली जात होती, तीही टिपाडातलीच. म्हणजे आईची सात दिवसांची गळती मी एका दिवसात हवेत उडवत होतो. म्हणायला तो चिमणीसाठी होता. पण चिमणी दिवसभर कडुलिंबाखाली असे आणि कूलरपुढे दुपारची झोप मीच काढीत असे. ही बादली मला कधी टोचली नव्हती, कारण तिच्यात देव नव्हता, माझी सोय होती.

कूलर त्याच दिवशी बंद करून माळ्यावर टाकला. आम्ही सगळे रात्री अंगणात झोपू लागलो. वाचलेल्या बादलीतले निम्मे पाणी कडुलिंबाखालच्या माठात जाऊ लागले. गळतीत पाणी घालायचे काम मी माझ्याकडे घेतले, माझ्या अंघोळीच्या वाट्यातून. आईने नको म्हटले नाही.

परसात केशर आंब्याचे दोन वर्षांचे कलम माना टाकत होते. त्याच्यापासून हातभर अंतरावर एक जुनी पाझरणारी घागर गळ्यापर्यंत पुरली. बुडाला भोक पाडून आईनेच वळलेली चिंधीची वात घातली, वर झाकण ठेवले आणि आळ्यात काडीकचऱ्याचे जाड आच्छादन केले. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी गाळून त्या घागरीत. पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा. चिमणीने त्या घागरीचे नाव ठेवले 'आंब्याची गळती'. ते कलम जगले.

घरोघरच्या मायबहिणींना एक सांगणे. उन्हाळ्यात लहान मुलाने पाणी प्यायले का, हे त्याला विचारून भागत नाही. समोर बसवून पाजावे. मूल मलूल दिसले, ओठ सुकले, लघवी कमी किंवा गडद झाली तर वाट पाहू नये. क्षारसंजीवनीचे पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे आणि दवाखाना गाठावा.

त्या वर्षी मान्सून केरळातच ८ जूनला पोचला. आमच्याकडे तर आणखी उशिरा. पण पाऊस आला तेव्हा बी हुडकत बसावे लागले नाही. आकितीला टोचलेल्या आळ्यांतून दोडक्याचे कोंब वर आले. चिमणी तोवर तिच्या घरी गेली होती. आईने मला तिला फोन लावून द्यायला सांगितले आणि ओरडून बातमी दिली, "बाळा, आलं गं वर!"

आई आता नाही. चिमणी माध्यमिक शाळेत जाते. सुट्टीला आली की पहिल्याच दिवशी तिवई धुऊन गळती ती बसवते. आधी स्वतः तांब्याभर पाणी पिते, मग मडक्यात ओतते. पणजीने घालून दिलेला नियम. औषधाचे ते टोपण अजून देव्हाऱ्यात आहे. परवा घड्याळ घेऊन बसली आणि मला म्हणाली, "आजोबा, मिनिटाला पंचवीसच पडतात. वात जुनी झाली."

मी आईच्या पेटीतले लुगडे काढले आणि तिच्या हातात कात्री दिली.