कपाटातली सीडी आणि आजीचं गाणं



गेल्या जूनमध्ये शाळा उघडली आणि चौथीतल्या एका मुलाची आई भेटायला आली. "मॅडम, आमच्या सासूबाईचं रोवण्याचं गाणं तुम्ही भरून घेतलं होतं ना जी? त्या आता नाही राहिल्या. लेकराला आयकवायचं हाये."

आपला भंडारा जिल्हा धानाचा. २०१३ मध्ये मी नवीनच नोकरीला लागले होते. तेव्हा बांधीत रोवणा करणाऱ्या बायांकडून अकरा गाणी मी मोबाईलवर घेतली. मोबाईल भरला म्हणून गाणी सीडीवर टाकली आणि मोबाईलमधून पुसली. वाटलं, सीडीवर आहे म्हणजे कायमचं झालं. कपाटातून सीडी काढली, तर संगणक ती उघडेचना!

असं का झालं? दुकानातून विकत आणलेल्या गाण्यांच्या सीडीवर माहितीचे खळगे कारखान्यातच साच्याने उमटवलेले असतात. आपण भरतो त्या कोऱ्या सीडीत मात्र रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि लेझरने त्यावर खुणा केल्या जातात. ऊन, उष्णता, दमटपणा यांनी तो थर हळूहळू बिघडतो. माझं कपाट लोखंडी आणि खिडकीजवळ. मे महिन्यात आपल्याकडचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, मागोमाग पावसाळ्याची ओल. त्यात मी सीडीवर बॉलपेनने दाबून गावाचं नाव लिहिलेलं! सीडीची माहिती नावाच्या बाजूलाच, पातळ लेपाखाली असते. म्हणजे चमकत्या बाजूपेक्षा वरचा ओरखडा जास्त घातक.

अशा सीडी १०, २५ वर्षं किंवा त्याहूनही जास्त टिकतात असं छापलेलं असतं. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने अनुभवावरून २ ते ५ वर्षंच धरायला सांगितलं आहे. चांगली जपली तर जास्तही टिकते, पण भरवसा धरू नये.

म्हणून एवढं करा:

• सीडी कडेने आणि मधल्या भोकात बोट घालून धरा.
• डबीत, उभी ठेवा. जागा थंड, कोरडी, अंधारी हवी.
• नाव लिहायचंच तर पाण्याच्या शाईच्या मऊ स्केचपेनने, मधल्या पारदर्शक भागावर. कागदी लेबल चिकटवू नका.
• पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.
• वर्षातून एकदा लावून पाहा. अडखळायला लागली की लगेच नक्कल करा.
• दोन-तीन नकला ठेवा, त्यातली एक शाळेबाहेर.

एक सांगायचं राहिलं. एका यंत्रात सीडी चालली नाही म्हणून फेकू नका. दुसऱ्या सरांच्या जुन्या लॅपटॉपवर माझी सीडी उघडली. अकरापैकी सात गाणी पूर्ण निघाली. आजीचं गाणं मात्र अर्ध्यावर थांबलं. ती आई व्हरांड्यात बसून तेवढंच तीनदा ऐकत राहिली. जाताना म्हणाली, "अर्धं तरी भेटलं जी."

उरलेलं अर्धं मी हरवलं. पुन्हा घ्यावं म्हटलं तर गाणारी राहिली नाही.

स्नेहसंमेलन, सहल, निवृत्त गुरुजींचा निरोप समारंभ, घरचं लग्न... तुमच्याही कपाटात अशा सीडी असतील. आजकालच्या बहुतेक लॅपटॉपना सीडी लावायची सोयच नसते. ज्यांच्याकडे जुना संगणक आहे त्यांना या रविवारीच गाठा आणि नकला करून घ्या.