लाँगबॉर्नचा सातबारा

बेनेटांच्या घरी पाच मुली, मुलगा नाही. वर्षाला दोन हजार पौंड उत्पन्न देणारी लाँगबॉर्नची इस्टेट बाप आहे तोवर त्यांची. बापाचे डोळे मिटले की ती जवळच्या पुरुष वारसाकडे, म्हणजे कॉलिन्स नावाच्या नात्यातल्या एका पाद्र्याकडे जाणार. पूर्वजांनी तसा बंदोबस्तच करून ठेवलेला. आईच्या पश्चात प्रत्येकीला हजार पौंड, चार टक्के व्याजाचे; म्हणजे वर्षाचे चाळीस पौंड. बेनेटांची ही गोष्ट सांगणारी जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ 28 जानेवारी 1813 रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हापासून लोक ती प्रेमकथा म्हणून वाचत आले आहेत, आणि आहेच ती प्रेमकथा. पण गोंडपिपरीत बसून वाचताना मला आधी दिसतो तो हा जमिनीचा कागद.

ती कादंबरी छापली गेली तेव्हा आपल्या चांद्यावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. जेन ऑस्टिन 18 जुलै 1817 ला वारली आणि पुढच्याच मे महिन्यात इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला. तिला हा मुलूख ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी रोवणीच्या दिवसांत, बाहेर झड लागलेली असताना तिची पानं उलटावीत, तर ओळखीची माणसं एकेक करून दारात उभी राहतात.

श्रीमंत, अविवाहित बिंग्ली गावात यायच्या आधी त्याचं उत्पन्न येतं: वर्षाला चार-पाच हजार. त्याचा मित्र डार्सी नाचाच्या दिवाणखान्यात पाऊल टाकतो आणि पाच मिनिटांत दहा हजारांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी होतो. आपल्याकडे वडसा-ब्रह्मपुरी भागात दिवाळीनंतर मंडई भरते. दिवसा पाहुणेरावळे, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि मधल्या वेळात सोयरिकीच्या गोष्टी. नाटकाच्या मंडपात बायकांच्या बाजूला बसलेल्या एखाद्या पोरीकडे कुणीतरी बोट दाखवतं, ती कुणाची, कोणत्या गावची, हे पहाटेपर्यंत कळलेलं असतं. मग प्रश्न सुरू होतात. नोकरी परमनंट आहे का? जमीन किती? ओलिताची की कोरडवाहू? आणि हमखास विचारला जाणारा, भाऊ किती? कारण भाऊ किती यावर वाटा किती हे ठरतं. साक्षगंध होईपर्यंत आंदणाची यादीही तयार असते.

म्हणून बेनेटबाईंना हसायला मी तयार नाही. उथळ बाई, बडबडी बाई, मुलींचं हसं करणारी बाई असं तिच्याबद्दल आजवर पुष्कळ लिहून झालं. पण त्या घरात उद्याचा विचार करणारी तेवढी एकच आहे. नवरा हुशार, विनोदी, वाचनाच्या खोलीचं दार लावून बसणारा. मुलींसाठी त्याने काही शिल्लक टाकलेलं नाही. आमच्या तालुक्यात अशा आया मी पाहिल्या आहेत. धुऱ्यावर उभ्या राहून त्या सोयरिकीचं बोलतात, आवाज चढतो, लोक हसतात. पाच पोरी आणि डोक्यावर दुसऱ्याचं छप्पर, हे ज्याला कळतं त्याला हसू येऊ नये.

बेनेटांच्या मुलीची, एलिझाबेथची, मैत्रीण शार्लट ल्युकस हिलाही मी दोष देत नाही. सत्तावीस वर्षांची, रूप बेताचं, पैसा नाही. एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सला ती हो म्हणते, आणि पुढे नवऱ्याला बागकामाला प्रोत्साहन देऊन आपली खोली मागच्या बाजूला घेते. हा संसार ऑस्टिनने फार जवळून पाहून लिहिला आहे. एलिझाबेथचं मोठेपण दुसरीकडे आहे. पायाखाली वीतभर जमीन नसताना ती दोनदा नाही म्हणते. एकदा घराच्या भावी मालकाला आणि एकदा दहा हजारांच्या धन्याला. दुसऱ्या नकारामागे त्याच्या बोलण्यातला गर्वही होता. तिच्या घराण्याचा कमीपणा सांगत सांगत त्याने मागणी घातली, ती तिने सहन केली नाही.

हे धाडस लेखिकेचं स्वतःचं होतं. 1802 च्या डिसेंबरात मोठ्या इस्टेटीच्या वारसाने, हॅरिस बिग-विदरने, तिला मागणी घातली. संध्याकाळी ती हो म्हणाली, सकाळी तिने शब्द परत घेतला. 1805 मध्ये वडील गेले. मग आई, ती आणि बहीण, तिघी भावांच्या मदतीवर. 1809 मध्ये चॉटनला घर मिळालं तेही श्रीमंत नातेवाइकांकडे दत्तक गेलेल्या भावाच्या मर्जीने. या कादंबरीचे हक्क तिने एकशे दहा पौंडांना विकले. मुलीच्या नकाराची किंमत किती, हे तिला पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

डार्सीचं शील एलिझाबेथला कुठे कळतं, तेही पाहण्यासारखं आहे. त्याच्या पेम्बर्लीच्या वाड्यात घरकाम सांभाळणारी म्हातारी कारभारीण सांगते, की मालक चार वर्षांचा असल्यापासून मी त्याला पाहते, कधी वाकडा शब्द ऐकला नाही. तिथे एलिझाबेथच्या मनाला धक्का बसतो. आमच्याकडची जाणती माणसं हेच करत आली. मुलाच्या घरी चहा-पोहे झाले की एखादा म्हातारा मामा उठून गोठ्याकडे जातो, सालगड्याशी बोलतो. किती वर्षं आहेस इथं? पाडव्याला गड्याचं साल बदलतं. दरवर्षी नवा गडी असेल तर मामा गाडीत बसताना मान हलवतो. तोच गडी दहा-बारा पाडवे त्या घरात टिकला असेल, तर मामाची अर्धी चौकशी तिथेच संपते. वाडा, ट्रॅक्टर, मोटरसायकल हे सगळं अंगणातून दिसतं. माणूस गोठ्यातून दिसतो. ही रीत आता मागे पडते आहे, बायोडाटा मोबाईलवर येतो, आणि मला तिचं फार वाईट वाटतं.

गोंड समाजाने ही पारख आणखी लांबवर नेली होती. तिथे जुनी रीत हुंड्याची नाही. देणं मुलाकडून मुलीकडे. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असा कुळांचा हिशोब पाहून सोयरीक जुळते. मुलाकडे द्यायला काही नसेल तर तो लमसेना म्हणून मुलीच्या घरी राहतो, नांगर धरतो, लाकडं आणतो, काही वर्षं राबतो. बापाला, आईला आणि मुलीलाही तो रोज दिसतो. पेम्बर्लीच्या एका दुपारपेक्षा हे कितीतरी खात्रीचं.

पण जमिनीपाशी येऊन हाही समाज लाँगबॉर्नसारखाच थांबला. 1956 चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यामुळे 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मिळालेला समान वाटाही आदिवासी मुलीपर्यंत पोचला नाही. रूढी काय सांगते तेच खरं. 17 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात निकाल दिला: मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल, तर केवळ बाई म्हणून वाटा नाकारणं समतेच्या हक्काविरुद्ध आहे. लाँगबॉर्नच्या पोरी ज्याला मुकल्या, ते त्या कुटुंबातल्या लेकीच्या वारसांना मिळालं.

आमच्या तालुक्याच्या एका बाजूने वर्धा वाहते, दुसऱ्या बाजूने वैनगंगा. पुढे दोघी मिळतात आणि प्राणहिता होतात. वर्धेचंही नाव उरत नाही, वैनगंगेचंही नाही. माणसांच्या लग्नात मात्र एकीचंच नाव जातं, आणि नावाबरोबर धानाची बांधीही जाते. ज्यांना कायद्याने वाटा आहे त्यांच्या घरचं चित्र पाहा. बाप गेल्यावर बहीण सकाळच्या एसटीने येते, कडेवर पोर. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिचा फोटो निघतो, अंगठा यंत्रावर टेकतो, हक्कसोडपत्र होतं. भाऊ दुपारी तिला साडी घेऊन देतो. का सोडलंस, असं विचारलं तर ती म्हणते, माहेरचा रस्ता राहू दे. उद्या सासरी हात उगारला गेला, तर कुठे जायचं, याचा तिने तेवढाच विचार केलेला असतो. त्याच मुलीने पाहायला आलेल्या पाहुण्यांना नाही म्हणावं, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

एलिझाबेथचा नकार गोड झाला, कारण लेखिकेने तिला शेवटी पेम्बर्ली दिली. आपल्या बहिणींसाठी कुणी पेम्बर्ली लिहून ठेवलेली नाही. तेव्हा भावांनो, यंदा घरात वारसनोंद करायची असेल तर तलाठ्याकडे बहिणीचं नाव द्या. सातबाऱ्यावर ते राहू द्या. हक्कसोडपत्र तिच्यापुढे ठेवू नका, आणि साडी दरवर्षी देत जा.