न पाहिलेला उतारा

जन्मभर संस्कृत शिकविलेल्या माणसानें क्रिकेटवर लिहावें, हें वाचकांस थोडें विचित्र वाटेल. पण प्रसंगच तसा घरीं चालून आला. माझ्या पुतण्याचा मुलगा अमरावतीस महाविद्यालयांत तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या हंगामांत त्यानें आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत दोन शतकें काढलीं आणि आमच्या वरवट बकालच्या घरांत दोन पक्ष पडले. पुतण्या म्हणे, "दोन एकर विकूं आणि त्याला मुंबईस खासगी शिकवणीस ठेवूं. आयपीएलच्या लिलावांत नुसती सर्वांत लहान मूळ किंमतच तीस लाखांची आहे." सूनबाई म्हणे, "आधीं पदवी." शेवटीं पुतण्या माझ्यापुढें येऊन बसला. "काका, तुम्हीं इतकीं वर्षें मुलांचे पेपर तपासले. याचाही एकदां तपासून द्या. तुमचा निकाल आम्हां दोघांस मान्य."

निकाल देणें मला नवें नव्हतें. पण या निकालावर जमिनीचा तुकडा आणि मुलाचीं उमेदीचीं वर्षें अवलंबून होतीं. शिवाय एक जुनी चूक माझ्या मनांत सलत होती. एका विद्यार्थ्यास सारी रूपावली मुखोद्गत होती. पैकींच्या पैकीं गुण देऊन मीं त्याच्या वडिलांस सांगितलें कीं, हा मोठा संस्कृतज्ञ होणार. याला दुसऱ्या कशांत घालूं नका. पुढें न पाहिलेला उतारा समोर आला कीं त्याला अन्वयच लागेना. पाठांतराचे गुण मीं बुद्धीचे समजलों होतों. त्या मुलाचीं तीन वर्षें माझ्या शब्दावर वायां गेलीं.

धांवांचे आंकडेही असेच फसवे असतात. कल्याणच्या प्रणव धनावडे यानें जानेवारी २०१६ मध्यें शालेय सामन्यांत ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धांवा केल्या. कौतुक झालें, तें योग्यच झालें. परंतु त्याच सामन्यांत प्रतिपक्षाचे दोन्ही डाव मिळून ८३ धांवांत आटोपले, हेंही परीक्षकानें वाचलें पाहिजे. अमेरिकेंत महाविद्यालयीन मुलें बेसबॉल धातूच्या दांडूनें खेळतात आणि व्यावसायिक संघांत लांकडी दांडू वापरतात. म्हणून तेथील पारखी मुलाचे आंकडे पाहून थांबत नाहींत. लांकडी दांडू हातीं आल्यावर याचें काय होईल, हा प्रश्न ते आधीं विचारतात.

तोच प्रश्न मनाशीं धरून, वही-पेन्सिल घेऊन, मी पुतण्यासह अमरावतीस गेलों. शेगांवपर्यंत एस.टी., पुढें बडनेऱ्यापर्यंत आगगाडी. पहिल्या सामन्यांत मैदान लहान, खेळपट्टी पाटा आणि गोलंदाजी साधारण. नातवानें ९४ धांवा केल्या. पुतण्यानें टाळ्या वाजविल्या. मीं वहींत कांहींच लिहिलें नाहीं. दुसऱ्या सामन्याच्या सकाळीं दंव पडलेलें होतें आणि समोरचा एक उंच गोलंदाज चेंडू बाहेरच्या अंगास वळवीत होता. तेथें मीं पेन्सिल काढली. कोणता चेंडू त्यानें सोडला, कोणत्याला तो भुलला, आणि चुकल्यावर पुढच्या चेंडूस काय केलें, एवढेंच मीं टिपलें. बाहेरचे एकोणीस चेंडू त्यानें सोडून दिले. सहा वेळां बॅट पुढें गेली आणि हुकली. पण प्रत्येक चुकीनंतरचा चेंडू त्यानें शांतपणें खेळला. अंगावर उसळलेल्या चेंडूपुढें मात्र त्यानें दोनदां तोंड फिरविलें. सत्तर मिनिटांत २३ धांवा झाल्या आणि सातव्या भुलीला यष्टिरक्षकाच्या हातीं झेल गेला.

संध्याकाळीं मीं विचारलें, "बाद कसा झालास?" खेळपट्टीला त्यानें दोष दिला नाहीं. म्हणाला, "आजोबा, तो चेंडू सोडायचाच होता. आधीं तसाच चुकलों होतों, तरी हात गेला." जो विद्यार्थी आपली चूक स्वतःच लाल शाईनें खुणावतो, त्याच्याविषयीं शिक्षकास आशा वाटते.

पण आशा निराळी आणि भाकीत निराळें. भाऊसाहेब निंबाळकरांनीं डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धांवा केल्या. तरी त्यांस एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाहीं. आपल्या वऱ्हाडांतलाच अमरावतीचा जितेश शर्मा २०१६ सालीं मुंबईच्या संघानें दहा लाखांस घेतला, पण एकही सामना खेळविला नाहीं. २०२२ मध्यें पंजाबनें वीस लाखांस घेतल्यावर त्याला मैदान मिळालें, आणि २०२५ च्या हंगामासाठीं बंगळूरनें अकरा कोटी मोजले. लोकांस ते अकरा कोटी दिसतात. मला मधलीं सहा वर्षें दिसतात.

घरीं येऊन मीं निकाल सांगितला. जमीन विकूं नये. पदवी पुरी करावी. नंतर दोन वर्षें घरानें त्याचा खर्च चालवावा, आणि त्यानें निवड-चांचण्यांत उतरावें. त्या दोन वर्षांत शतकें किती झालीं, हें मी विचारणार नाहीं. भुली कमी होतात का, आणि उसळत्या चेंडूवर डोळे टिकतात का, एवढेंच पाहीन.

पुतण्या दोन दिवस माझ्याशीं धड बोलला नाहीं. जमिनीस गिऱ्हाईकही त्यानें पाहून ठेविलें होतें. सूनबाईनें कांहीं न बोलतां माझ्यापुढें चहा ठेवला. नातवानें मात्र विचारलें, "आजोबा, मग मी पास कीं नापास?"

"उतारा अजून अर्धाच सोडविला आहेस, बाळ," मी म्हणालों.

अमरावतीस परत जातांना त्यानें माझी ती वही मागून नेली. माझा निकाल याही वेळीं चुकणार नाहीं, असें मी म्हणत नाहीं. परंतु चुकलाच, तर त्याच्या हातीं पदवी असेल आणि घराखालीं जमीन असेल. त्या जुन्या विद्यार्थ्याजवळ माझ्या चुकीनंतर एवढेंही उरलें नव्हतें.